एका विचाराएवढं जास्त

३ नोव्हेंबर १९९४

भाची इबोया सकाळीच आली. सायकल अक्रोडाला टेकवली आणि बूट न काढता थेट स्वयंपाकघरात. म्हणाली, "मामा, तुमच्यासाठी काम आणलंय. नाही म्हणायचं नाही."

मी काम काय ते न विचारताच नाही म्हणालो.

काम असं. सहकारी शेती मोडली तेव्हा हंसांची पिसं काढायचं गोदाम रिकामं पडलं. तिथे इबोयानं आठ बायका घेऊन दुलया शिवायला सुरुवात केली, हंसाच्या छातीच्या मऊ पिसांच्या. आता इंग्लंडच्या कुणा मिसेस प्रेंटिसनी नमुन्याच्या दुलया मागवल्यात. पसंत पडल्या तर वर्षभराचं काम. नाही पडल्या तर हिवाळा सरताना गोदामाला कुलूप आणि आठही बायका घरी. दुलई कशी भरायची याचा कागद बाईंनी पाठवलाय, इंग्रजीत, दोन्ही बाजूंनी टाईप केलेला. तो आपल्या हंगेरियनमध्ये करून द्यायचा.

"शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना दे," मी म्हणालो.

"त्या बाई परवापर्यंत रशियन शिकवायच्या. आता इंग्रजी शिकवतात आणि स्वतः मुलांच्या एक धडा पुढे असतात. तुम्ही पस्तीस वर्षं राहिलात तिथे."

"गिरणीत राहिलो. लोकर विंचरायच्या यंत्रापाशी. मला ऐकायचं इंग्रजी येतं, वाचायचं नाही."

"मग मोठ्यानं वाचा आणि ऐका," इबोया म्हणाली.

माझी बहीण एतेल्का चुलीपाशी बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "घे रे. नाहीतरी खिडकीत बसून रस्त्यानं कोण कुणाच्या घरी जातं तेच बघतोस."

कागद टेबलावर पडून आहे. मी सहावी शिकलेला माणूस. छापलेल्या कागदाला मी पहिल्यापासून भितो. चूक झाली तर आठ जणींची चूल माझ्यामुळे विझणार. हे इबोयाला कसं कळत नाही?

५ नोव्हेंबर

दोन दिवस कागदाशी झगडतोय. शिलाईचा भाग सोपा गेला. टाका, पट्टी, किनार. अडतंय ते भरण्याच्या भागात. इंग्रज बाईंना एक गोष्ट सरळ सांगवत नाही. लिहितात, दुलईच्या प्रत्येक कप्प्यात 'साधारण' चाळीस ग्रॅम पिसं. पुढे, दमट दिवस असेल तर 'सावलीभर' जास्त. आणि शेवटी, कप्पा 'हाताला उठून भेटेपर्यंत'.

सावली कुठल्या काट्यावर तोलायची? कप्पा काय पाहुणा आहे, उठून भेटायला? आणि 'साधारण'साठी आपल्याकडे जो शब्द आहे तो फोडला तरी काय निघतं, 'भोवती-आत'. भोवती की आत, एक काय ते ठरवा ना. कामाच्या कागदावर असं लिहिलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला आकडा वाचता आला नाही म्हणून थापा मारल्या.

मग डोक्यात प्रकाश पडला. हे सगळं सभ्यतेचं बोलणं आहे. हॅलिफॅक्सच्या गिरणीत मुकादम म्हणायचा, तुला फुरसत झाली तर तो गठ्ठा जरा हलवता आला तर बघ. पहिल्या आठवड्यात मी फुरसतीची वाट बघत बसलो आणि पगार कापला गेला. तेव्हा शिकलो की इंग्रज माणसाच्या वाक्यातला मऊ भाग काढून टाकायचा आणि आतला कडक भाग धरायचा. तेवढ्यावर पस्तीस वर्षं निभावली.

तेच केलं. ग्रॅमात आमच्याकडे कुणी बोलत नाही, दहा ग्रॅमचा एक डेका धरतात, बाजारात हॅमही दहा डेका मागतात. लिहिलं, 'प्रत्येक कप्प्यात चार डेका.' पुढची दोन वाक्यं गाळली. कागद एका बाजूवर बसला. इतकं नेमकं काम मी आयुष्यात केलं नसेल.

६ नोव्हेंबर

तरी झोप नीट लागली नाही. पण आकडा बरोबर आहे. तीनदा पाहिला.

११ नोव्हेंबर

आज मार्टिनचा सण. घरोघरी हंस भाजलेला आणि नवी वाईन.

इबोयानं माझा कागद काचेत बसवून भिंतीवर टांगला. पूर्वी ज्या खिळ्यावर रोजच्या कामाच्या कोट्याचा फलक असायचा त्याच खिळ्यावर. बायका हात पुसून समोर उभ्या राहिल्या.

"चार डेका," वेरोननं मोठ्यानं वाचलं. ही आमच्या शेजारची, नवरा जाऊन सहा-सात वर्षं झाली, पिसांच्या कामात तिचे केस पांढरे झाले. "एवढंच? इंग्लंडातनं एवढंच आलं?"

"नेमकं आलं," मी म्हणालो.

"तिथली माणसं चहात दूध घालतात म्हणून ऐकलं होतं. ती नेमकी असतील असं वाटलं नव्हतं."

सगळ्या हसल्या. मी अजून दूध घालूनच चहा पितो हे सगळ्या गावाला माहीत आहे. मला ते लागलं.

दुपारी हीच वेरोन हंसाची तंगडी आणि तांबडा कोबी झाकून घेऊन आली. मी एकटा किती वाजता जेवतो तेही विचारून गेली. मी एकटा नसतो, एतेल्का असते. तसं सांगितलं. तिच्याकडे उरलं असणार.

१७ नोव्हेंबर

चार दिवस धुकं. विहिरीचा कठडाही खिडकीतून दिसत नाही. घशात खवखव. एतेल्का म्हणते कांद्याचा रस घे. मला वाटतं हा फुप्फुसाचाच काहीतरी प्रकार आहे.

गोदामात गेलो होतो. दुलया भरायचं काम चाललंय. वेरोन तराजूवर मूठ मूठ टाकत होती. भरलेल्या कप्प्यावर तिनं हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"आंब्रुश, हे रिकामं वाटतंय हो."

"काटा काय म्हणतो?"

"चार."

"मग चार."

"भिंतीवर चार लिहिलंय ना गं," पलीकडून दुसरी म्हणाली. "पूर्वी भिंतीवर पंधरा हंस लिहिलं असायचं. सोळावा स्वतःच्या पायानं टेबलावर चढला तरी आपण त्याला हात लावायचो नाही."

पुन्हा हशा. वेरोननं कप्पा शिवून टाकला. भिंतीवरच्या कागदाशी हुज्जत घालायची सवयच आमच्याकडे कुणाला लागली नाही. बरंच आहे. नाहीतर प्रत्येकीनं आपापल्या मनाचं भरलं असतं आणि बोल मला लागला असता.

२४ नोव्हेंबर

मिसेस प्रेंटिस आज आल्या. उंच, रुंद खांद्यांच्या बाई, पायात पुरुषी बूट. बोलणं थेट हॅलिफॅक्सकडचं.

इबोयानं मेजावर पांढरी चादर घातली होती. खसखस भरलेली गोड रोटी कापून ठेवली होती. बाईंनी रोटीकडे पाहिलं नाही. दुलई पसरली, मधोमध तळहात दाबला, उचलला आणि वाट पाहिली. दुलई तशीच राहिली. हाताचा ठसा बसलेला, बर्फावर बसावा तसा. दुसरी पसरली. तिसरी.

"ही निजली," त्या मला म्हणाल्या. "सगळ्या निजल्यात. शिलाई सुरेख आहे, पिसं तर मी इतकी चांगली पाहिली नाहीत. पण भरणं चुकलं. मी सगळं लिहून पाठवलं होतं. यांनी वाचलं नाही का?"

सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी सांगितलं की बाईंना शिलाई आवडली, पिसं आवडली, दुलया मात्र बसक्या वाटतात. शेवटचा प्रश्न मी गिळला. बाईंना म्हणालो की वाचलं, वाचलं.

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, त्या तीन आठवडे इकडे पोलंड-स्लोव्हाकियात फिरणार आहेत, परत जाताना बुडापेस्टला थांबतील. तेव्हा नवे नमुने दाखवायचे. त्यापुढे थांबता येणार नाही.

मोटार गेली. इबोयानं रोटीचे तुकडे पुन्हा कागदात गुंडाळले. वेरोन दाराशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली.

२५ नोव्हेंबर

चार बरोबर आहे. चाळीस ग्रॅम म्हणजे चार डेका. पिसंच कमी प्रतीची असतील.

पण बाई म्हणाल्या पिसं उत्तम.

२६ नोव्हेंबर

सकाळी एतेल्कानं माझी उशी पडवीतून आत आणली. हवेला टाकली होती ती रात्रभर तिथेच राहिली होती. "दगड झालाय हिचा," म्हणाली आणि चुलीजवळच्या बाकावर ठेवली. दुपारी मी डोकं टेकलं तर उशी हलकी, फुगलेली.

मी उठून बसलो. स्वयंपाकाचा काटा काढला. एतेल्काला वाटलं मला भ्रम झाला. उशी तोलली, पडवीत ठेवली. संध्याकाळी पुन्हा तोलली. तीच उशी, तीच पिसं. धुक्यानं वजन वाढवलं होतं.

म्हणजे त्या चार दिवसांत बायकांनी चार डेका तोलले त्यात पाणी होतं. पिसं कमी पडली. आणि बाईंनी लिहिलं होतं, दमट दिवस असेल तर सावलीभर जास्त. ती सभ्यता नव्हती. ते काम होतं. सगळ्या कागदात तीच तर कामाची गोष्ट होती, आणि तीच मी टरफलासारखी फेकली.

उद्या रविवार. परवा गोदामात जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं. एतेल्का म्हणते फक्त इबोयाला सांग. नाही. कागद सगळ्यांसमोर टांगला होता.

२८ नोव्हेंबर

सांगितलं. टोपी हातात धरून, एका दमात. मूळ कागद वाचून दाखवला, गाळलेली वाक्यंही. बाईंनी विचारलेला प्रश्नही सांगितला.

इबोयाचा चेहरा पांढरा पडला. "मामा, तुम्ही गाळलंत? न विचारता?"

"गाळलं."

"मी या बायकांना शनिवारी बोल लावला. वेरोनमावशीला लावला."

"मला लावायचा होता तो."

वेरोन सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "माझ्या हाताला कळत होतं आणि मी शिवलं. मीही काही लहान नाही. अर्धा बोल इकडे द्या."

मला वाटलं मला हाकलून देतील. त्याऐवजी एकीनं चहा पुढे केला. दूध घातलेला. त्यात टोमणा होता की नाही ते ठरवता आलं नाही.

इबोया म्हणाली, "ठीक आहे. आता नवा आकडा लिहा. पाच लिहू?"

मी म्हणालो, "आकड्यानं होणार नाही. आज पाच, उद्या ऊन पडलं तर चार, परवा साडेचार."

"मग काय लिहिणार?"

"बाईंनी लिहिलंय ते. साधारण."

"साधारण?" इबोयानं कागद माझ्यासमोर आपटला. "आकड्याशिवाय कागद म्हणजे काय, प्रार्थना? उद्या एखादी बसकी निघाली तर मी कुणाला काय दाखवून बोलू?"

ती घरी निघून गेली. मी बसून राहिलो. आकडा मात्र लिहिला नाही.

३० नोव्हेंबर

रोज गोदामात जातो. घशाची खवखव आहेच, मफलर गुंडाळतो. इबोया माझ्याशी कामापुरतं बोलते.

'हाताला उठून भेटेपर्यंत' हे मी बायकांपुढे टाकलं. म्हणालो, मला शब्द सापडत नाही, तुम्ही भरून बघा आणि काय वाटतं ते बोला. एक म्हणाली गायीच्या कासेसारखं. दुसरीनं तिला कोपर मारलं. मग त्यांच्यातली एक वयस्क बाई, जी कधी बोलत नाही, म्हणाली, "पावाची कणीक फुगली की आपण बोट दाबून बघतो. ती बोट परत ढकलते. तेवढं."

आठही जणींनी माना डोलावल्या. मी लिहून घेतलं, 'फुगलेली कणीक बोट परत ढकलते तसा कप्पा हात परत ढकलेपर्यंत.' बाईंच्या कागदात कणीक नाही. असू दे.

'सावलीभर' मात्र अडलंय. सावली लिहिली तर आपल्याकडे कुणाला काही कळणार नाही. 'थोडं' लिहिलं तर प्रत्येकीचं थोडं वेगळं. जुना शब्दकोश पाहिला, त्यात झाडाचीच सावली आहे.

२ डिसेंबर

एतेल्काला सर्दी झाली म्हणून वेरोननं मला जेवायला बोलावलं. एतेल्काला सर्दी झाली तर मी घरी थांबायला हवं होतं, पण तीच म्हणाली जा.

वेरोननं खसखस घातलेल्या शेवया केल्या होत्या. साखर भुरभुरताना म्हणाली, "सगळ्यांना घालते त्यापेक्षा तुमच्यात एका विचाराएवढी जास्त घातलीय."

शेवयांचा काटा माझ्या हातातच राहिला. एका विचाराएवढी! लहानपणी आई असंच म्हणायची. मीठ एका विचाराएवढं कमी, दार एका विचाराएवढं किलकिलं. पस्तीस वर्षांत हे शब्द माझ्या तोंडून पडले नव्हते. हीच ती सावली. इंग्रज सावलीनं मोजतात, आपण विचारानं.

"वेरोन," मी म्हणालो, "तुम्ही आत्ता काय बोललात ते तुम्हाला कळलं का?"

ती लाल झाली. म्हणाली, "कळलं तर."

मी शेवया तशाच सोडून मफलर घेतला आणि कागद लिहायला घरी पळत आलो. नंतर आठवलं, आभार मानायचे राहिले. शिवाय मला डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली आहे हे तिला एकदा सांगायला हवं.

३ डिसेंबर

नवा कागद इबोयापुढे ठेवला. तिनं वाचला.

'कप्प्यात साधारण चार डेका. दमट दिवशी एका विचाराएवढं जास्त. फुगलेली कणीक बोट परत ढकलते तसा कप्पा हात परत ढकलेपर्यंत.'

"मामा, हे मी भिंतीवर टांगू? निरीक्षक आला तर हसेल."

"हसू दे."

"चाराऐवजी चार ते पाच लिहा. तेवढं तरी."

"पाच लिहिलंस की सगळ्या जणी ऊन असो की धुकं, पाचच घालतील. त्यांना मी ओळखतो, मला मी ओळखतो. आकडा दिसला की आपण हात काढून घेतो. चुकलं तर आकड्याचं चुकलं."

"आणि असं लिहून चुकलं तर?"

"तर जिच्या हाताखाली चुकलं तिचं. आणि लिहिलं त्याचं, म्हणजे माझं."

तिनं कागद उचलून पुन्हा वाचला. इतकं मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

"खिळा तोच वापरायचा की दुसरा?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, कुठलाही.

६ डिसेंबर

मिकुलाशचा दिवस. मुलांनी खिडकीत बूट ठेवायचे, संतानं त्यात खाऊ टाकायचा. सकाळी पाहतो तर दाराबाहेरच्या माझ्या बुटांत अक्रोड आणि लोकरीचे जाड मोजे, हातानं विणलेले.

एतेल्काला विचारलं. "मी? या वयात? तुला?" म्हणाली आणि खोकेपर्यंत हसली.

मग इबोयाच असणार, भांडणाची भरपाई म्हणून. गोदामात गेल्यावर तिचे आभार मानले. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं माझ्या तोंडाला काही लागलंय. वेरोन त्या वेळी नेमकी पिसांच्या पोत्यात वाकली होती.

मोजे उबदार आहेत. मापही बरोबर आहे.

९ डिसेंबर

नवे नमुने तयार. तीन धुक्यात भरले, तीन काल ऊन पडलं तेव्हा. वेरोन काट्यावर मूठ टाकते, मग काट्याकडे पाठ करते, हात ठेवते आणि म्हणते, "अजून." किंवा म्हणते, "पुरे." इबोया सगळ्या दुलयांवर हात ठेवून आली. मग मी ठेवला. धुक्यातली कुठली आणि उन्हातली कुठली ते मला ओळखता आलं नाही.

तरी बाईंना ओळखता येईल. मला रात्री झोप येत नाही. पण तो कागद काढून टाका असं म्हणायला मी जाणार नाही.

१४ डिसेंबर

बुडापेस्टहून परतीच्या गाडीत लिहितोय, अक्षर हलतंय.

हॉटेलच्या दिवाणखान्यात मिसेस प्रेंटिस वाट बघत होत्या, तेच पुरुषी बूट. इबोयानं नमुने पसरले. ती इतकी घाबरली होती की मला तिची काळजी वाटून माझी भीती थोडी मागे पडली. बाईंनी हात दाबला, उचलला. ठसा भरून आला. पुन्हा दाबला. दुसरी, तिसरी, सगळ्या. कोट काढून बाजूला ठेवला आणि एका दुलईवर चक्क गाल टेकवला. आजूबाजूची माणसं बघत होती.

मग सरळ बसल्या आणि दोन-तीन शब्द बोलल्या.

"काय म्हणाल्या?" इबोयानं माझी बाही धरली.

मला सोपं होतं. अप्रतिम म्हणाल्या, असं सांगता आलं असतं. इबोया रडली असती, खुशीनं. मी म्हणालो, "म्हणाल्या, चालेल."

"चालेल?" तिचे खांदे पडले. "एवढंच?"

"एवढंच म्हणाल्या. हॅलिफॅक्सला मी जिच्या घरी भाड्यानं राहायचो त्या म्हातारीनं मुलाच्या लग्नातला तीन मजली केक चाखला आणि हेच म्हणाली. नंतर आत जाऊन रडली. त्यांच्याकडे याच्या वर शब्द नाही."

इबोया माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी खरं बोलतोय की तिची समजूत घालतोय ते शोधत. मी तोंड हलू दिलं नाही.

बाईंनी वही काढली होती. म्हणाल्या, पहिली खेप फेब्रुवारीच्या अखेरीस, किंवा त्याच्या आसपास. मी तसं इबोयाला सांगितलं.

तिनं पेन उचललं. मग थांबली. "आसपास म्हणजे किती तारीख? विचारा ना, मामा."

"त्या आसपास म्हणाल्या. मी आसपास सांगितलं. तूही तसंच लिही."

इबोयानं लिहिलं.